एमएमए लढतींचे आयोजन आणि प्रक्षेपण : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिश्र युद्धकला, म्हणजेच ठोसे, लाथा आणि कुस्तीसारख्या पकडी एकत्र वापरून जाळीच्या पिंजऱ्यात लढला जाणारा एमएमए, या खेळाविषयी छत्रपती संभाजीनगरपासून नांदेड-लातूरपर्यंत विचारणा करणाऱ्यांत तरुण खेळाडू, त्यांचे पालक, कार्यक्रम घेऊ इच्छिणारी मंडळे आणि घरी बसून लढती पाहणारे प्रेक्षक असे सगळेच असतात. पुढील उत्तरे त्या सर्वांसाठी आहेत. जिथे पैसा अडकतो किंवा जिवाला धोका संभवतो, तिथे उत्तर सविस्तर दिले आहे. बाकी ठिकाणी थोडक्यात आवरले आहे.

जत्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीपेक्षा एमएमएचा कार्यक्रम वेगळा कसा?

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा गावोगावच्या उरुसात अनेक कुस्त्या मैदानावरच ठरतात. दोन पैलवान हौद्यात उतरतात, पंच आणि वस्ताद त्यांची चण पाहून जोड लावतात, इनाम ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते आणि हलगीच्या तालावर कुस्ती सुटते. एमएमएमध्ये यातले काहीही आयत्या वेळी ठरवता येत नाही. कोण कोणाशी, किती वजनावर, किती फेऱ्यांसाठी आणि किती मानधनावर लढणार हे काही आठवडे आधी लेखी करारात येते, आणि त्यानंतरच वैद्यकीय तपासण्या, विमा, जाहिरात व प्रक्षेपणाची तयारी सुरू होते. दंगलीचा चांगला अनुभव असलेली मंडळेही पहिल्या कार्यक्रमात अडखळण्याची शक्यता असते ती याच ठिकाणी, कारण मैदान, गर्दी आणि बक्षिसे सांभाळणे त्यांना उत्तम जमते, पण कागदपत्रांना ती शेवटी हात घालतात.

जोडी कोण ठरवतो?

आयोजक संस्थेचा मॅचमेकर ठरवतो. खेळाडूचे वजन, आतापर्यंतच्या जय-पराजयांची नोंद, लढण्याची शैली आणि शेवटच्या लढतीनंतर मिळालेली विश्रांती या चार गोष्टी तो पाहतो. एखादा खेळाडू जायबंदी झाला तर बदली खेळाडू शोधण्याचे कामही त्याचेच असते, आणि लढतीला आठवडा उरला असताना असा खेळाडू मिळवणे ही या व्यवसायातली खरी कसोटी आहे. करारात मानधन बहुधा दोन भागांत असते, एक भाग लढल्याबद्दल आणि दुसरा जिंकल्याबद्दल. पालकांनी हा करार मुलाच्या सहीआधी स्वतः वाचावा, आणि जखमेच्या उपचारांचा खर्च कोण करणार हे त्यात स्पष्ट लिहिलेले नसेल तर सही करू देऊ नये.

नियम कोणी केले?

अमेरिकेतील डेन्व्हर येथे १२ नोव्हेंबर १९९३ रोजी यूएफसी या एमएमए लढती भरवणाऱ्या अमेरिकी कंपनीचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा वजनगट नव्हते, गुण देणारे परीक्षक नव्हते आणि हातमोजेही सक्तीचे नव्हते. ब्राझीलच्या रॉयस ग्रेसीने आपल्यापेक्षा धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांना जमिनीवर नेऊन हार मानायला लावली. पुढे सिनेटर जॉन मॅकेन यांनी राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून या लढतींवर बंदी घालण्याची मागणी केली, केबल कंपन्यांनी प्रक्षेपण थांबवले आणि व्यवसाय बुडण्याच्या बेतात आला. या संकटातून वाट निघाली ती न्यू जर्सी राज्याच्या क्रीडा नियंत्रण मंडळाने २०००-०१ मध्ये एकत्र आणलेल्या नियमावलीमुळे. जगातल्या बहुतेक व्यावसायिक लढती आज याच नियमावलीच्या आधारे होतात : पाच मिनिटांची एक फेरी, साध्या लढतीत तीन आणि विजेतेपदाच्या लढतीत पाच फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. डोळ्यांत बोट घालणे, डोक्याने टक्कर मारणे, डोक्याच्या मागच्या भागावर किंवा जांघेत प्रहार करणे निषिद्ध आहे. नियम बदलत राहतात, हेही लक्षात ठेवावे. कोपर वरून सरळ खाली मारण्यावर असलेली जुनी बंदी नोव्हेंबर २०२४ पासून या नियमावलीतून वगळण्यात आली आहे. सिंगापूरस्थित वन चॅम्पियनशिप या आयोजक संस्थेचे नियम आणखी निराळे असून तेथे लढतीचे गुण फेरीनिहाय दिले जात नाहीत, संपूर्ण लढत एकत्र पाहून निर्णय होतो.

भारतात अशा कार्यक्रमाला परवाना कोण देतो?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. अमेरिकेत राज्याचा आयोग पंच नेमतो, परीक्षक नेमतो, डॉक्टरांच्या शिफारशीवरून खेळाडूला रोखतो, आणि आयोजकाला त्यात ढवळाढवळ करता येत नाही. ज्याला तिकिटे विकायची आहेत आणि ज्याने लढत थांबवायची आहे, ती दोन माणसे वेगळी असावीत, हे त्यामागचे तत्त्व आहे. व्यावसायिक एमएमएसाठी असा कायदेशीर राज्य आयोग भारतात नाही. त्यामुळे येथे आयोजकच स्वतःवर देखरेख ठेवतो किंवा एखाद्या खासगी महासंघाकडून पंच मागवतो. मराठवाड्यात कार्यक्रम घेणाऱ्याने किमान एवढे तरी करावे की, पंच आणि परीक्षक स्थानिक तालमींशी संबंध नसलेले असावेत, त्यांचे मानधन कार्यक्रमापूर्वीच चुकते करावे, आणि लढत थांबवण्याचा डॉक्टरांचा शब्द अंतिम राहील हे लेखी द्यावे. हे पाळणारा आयोजक मोठ्या पडद्यापेक्षा आणि रंगीत धुरापेक्षा अधिक विश्वासार्ह समजावा.

मग सरकारी परवानग्या लागतच नाहीत का?

लागतात, पण त्या खेळासाठी नसून सार्वजनिक कार्यक्रमासाठी असतात. छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालय आहे, तर नांदेड, लातूर, परभणी, बीड अशा जिल्ह्यांत पोलीस अधीक्षक आणि जिल्हा प्रशासन यांच्याशी संबंध येतो. म्हणून अर्ज कोठे करायचा हे आधी स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र, मंच व प्रकाशयोजनेचा सांगाडा भक्कम असल्याचा अभियंत्याचा दाखला आणि तात्पुरत्या वीजजोडणीची तपासणी या गोष्टीही कराव्या लागतात. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार उघड्या मैदानावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. मुख्य लढत नऊच्या आत सुरू होईल असे वेळापत्रक आखले नाही, तर ती निवेदकाच्या आवाजाविनाच घ्यावी लागेल. बंदिस्त सभागृहाला यातून बरीच सवलत आहे, म्हणून पहिला कार्यक्रम तेथेच घेणे शहाणपणाचे.

वैद्यकीय तपासणीत काय पाहतात?

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी यांच्या रक्तचाचण्या प्रत्येक खेळाडूच्या होतात, कारण पिंजऱ्यात रक्त येणे नेहमीचेच आहे. त्याशिवाय डोळ्यांची तपासणी, हृदयाचा ईसीजी, मेंदूचे स्कॅन आणि महिला खेळाडूंसाठी गर्भचाचणी केली जाते. स्कॅनचा खर्च वाचवण्याचा मोह आयोजकाला होतो, तो आवरावा. लढतीच्या वेळी पिंजऱ्याजवळ डॉक्टर आणि बाहेर सुसज्ज रुग्णवाहिका उभी असलीच पाहिजे. ती एखाद्या जखमी खेळाडूला घेऊन गेली, तर दुसरी येईपर्यंत पुढची लढत सुरू होत नाही, आणि म्हणूनच दोन रुग्णवाहिका ठेवणे प्रक्षेपणाच्या दृष्टीनेही स्वस्त पडते. तालुक्याच्या ठिकाणी कार्यक्रम घेणाऱ्याने मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय किती अंतरावर आहे हे आधी मोजावे, आणि ते अंतर तासाभरापेक्षा जास्त निघाले तर ठिकाण बदलावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. लढत संपल्यावरही डॉक्टरांचे काम संपत नाही. ठोशाने बेशुद्ध झालेल्या खेळाडूला काही आठवडे ते काही महिने सराव व लढत या दोन्हींपासून दूर राहण्याचा आदेश दिला जातो, आणि पुढच्या आयोजकाने तो आदेश मागून पाहायचा असतो.

वजन कधी घेतात, आणि पाणी तोडणे म्हणजे काय?

वजन लढतीच्या आदल्या दिवशी घेतात. यूएफसीतील पुरुषांचे वजनगट ५६.७ किलोंपासून १२०.२ किलोंपर्यंत आहेत आणि विजेतेपदाची नसलेल्या लढतीत एक पौंडाची सूट मिळते. वजन जास्त भरले तर लढत रद्द होऊ शकते, किंवा प्रतिस्पर्ध्याची तयारी असल्यास मानधनातील २० ते ३० टक्के रक्कम त्याला देऊन ती घेतली जाते.

खालच्या गटात बसण्यासाठी खेळाडू शेवटच्या दिवसांत पाणी पिणे जवळजवळ थांबवतात आणि घाम काढून काही किलो उतरवतात. यातून मृत्यूही झाले आहेत. चीनचा यांग जियान बिंग डिसेंबर २०१५ मध्ये वजन उतरवताना दगावला, आणि त्यानंतर वन चॅम्पियनशिपने लघवीची तपासणी करून शरीरात पुरेसे पाणी असलेल्या खेळाडूलाच लढू देण्याचा नियम केला. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. अशा उन्हाळ्यात येथे कार्यक्रम ठेवणे आणि खेळाडूंना वजन उतरवायला सांगणे हा अविचार आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच योग्य काळ.

चितपट केले तर लढत संपते का?

नाही. आणि आपल्याकडचा प्रेक्षक नेमका येथेच गोंधळतो. ढाक किंवा कलाजंग मारून प्रतिस्पर्ध्याची पाठ लावली की कुस्तीत निकाल लागतो. एमएमएमध्ये त्यानंतर खरी झटापट सुरू होते, कारण पाठीवर पडलेला खेळाडू तेथूनच हात मुरगळू शकतो किंवा गळा आवळू शकतो. लढत संपते ती चार मार्गांनी : एखाद्याने हाताने थोपटून हार मानली तर, पंचाने किंवा डॉक्टरने थांबवली तर, गंभीर नियमभंग झाला तर, अथवा वेळ पूर्ण होऊन तीन परीक्षकांनी कौल दिला तर. परीक्षक प्रत्येक फेरीतल्या विजेत्याला १० आणि दुसऱ्याला ९ किंवा त्याहून कमी गुण देतात. परिणामकारक प्रहार आणि परिणामकारक पकड यांना पहिले स्थान आहे. नुसते खाली पाडले आणि पुढे काहीच केले नाही, तर फारसे हाती लागत नाही. मराठी निवेदकाने हे पहिल्याच लढतीत समजावून सांगितले, तर पुढचा निकाल ऐकून खुर्च्या उडणार नाहीत.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पडद्यामागे काय चालते?

खेळाडू लढतीच्या कित्येक तास आधी हजर होतात. त्यांच्या हातांना पट्ट्या बांधताना देखरेख करणारा अधिकारी समोर उभा असतो आणि बांधून झाल्यावर त्यावर सही करतो, जेणेकरून आत काही कडक वस्तू दडवता येऊ नये. पंच दोन्ही बाजूंच्या खोलीत जाऊन नियम समजावतात. त्यानंतर फ्लोअर मॅनेजर वेळ सांगत राहतो, आणि खेळाडू त्याप्रमाणे अंग तापवतो.

या साखळीला आपल्याकडे सर्वांत मोठा धोका असतो तो सत्कार समारंभाचा. माननीय आमदार, सभापती, बाजार समितीचे संचालक, अमुक बँकेचे अध्यक्ष असे सर्व पाहुणे फेटा, शाल आणि श्रीफळ घेऊन पिंजऱ्यात चढले की पाऊण तास जातो, प्रत्येकजण 'दोन शब्द' बोलतो, आणि आत अंग तापवून उभा राहिलेला खेळाडू थंड पडतो. थंड पडलेल्या स्नायूंनी लढणे म्हणजे दुखापतीला बोलावणे. पाहुण्यांचा मान ठेवायलाच हवा, त्यांच्याशिवाय आपल्याकडे कोणताही कार्यक्रम उभा राहत नाही. पण सगळे सत्कार पहिल्या लढतीपूर्वी एकाच वेळी उरकावेत आणि मध्यंतरात कोणालाही माइक देऊ नये. निवेदकाला हे आधी बजावून ठेवावे लागते, कारण ऐनवेळी व्यासपीठाखालून आलेली चिठ्ठी नाकारणे त्याच्या हातात नसते.

टीव्हीवर दिसणारे चित्र कसे तयार होते?

मोठ्या संस्था स्वतःच चित्र तयार करतात आणि वाहिन्यांना ते पुरवतात. पिंजऱ्याच्या कडेला उंचवट्यावर उभे राहून जाळीच्या वरून चित्रण करणारे कॅमेरे, वर टांगलेला कॅमेरा, लांब दांड्यावर फिरणारा कॅमेरा आणि प्रेक्षकांमधून खेळाडूसोबत चालत येणारा कॅमेरा, या सगळ्यांची चित्रे ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या प्रक्षेपणाच्या गाडीत, एकत्र येतात. दिग्दर्शक टॉकबॅकवर, म्हणजे कानातल्या यंत्रावरून, सूचना देतो, शेजारचा ऑपरेटर रिप्ले तयार ठेवतो. बाहेर जाणारे चित्र दोन प्रकारचे असते : एकावर गुणफलक, घड्याळ आणि नावे असतात, दुसरे कोरे असते. कोरे चित्र घेणारी वाहिनी त्यावर आपल्या भाषेतले समालोचन आणि पट्ट्या चढवते. पिंजऱ्याची काळी जाळी हीच चित्रणातली मुख्य अडचण आहे, म्हणून कॅमेरे तिच्यावरून किंवा तिला अगदी खेटून लावतात.

लढत अर्ध्या मिनिटात संपली तर उरलेल्या वेळेचे काय करतात?

प्रक्षेपणाची सगळी कला या प्रश्नात सामावलेली आहे. क्रिकेटच्या डावाचा अंदाज बांधता येतो. येथे तीन फेऱ्यांची लढत सतरा मिनिटे चालेल की सतरा सेकंद, हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून रनडाउनमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या क्रमवार वेळापत्रकात, प्रत्येक लढतीनंतर ताणता किंवा आखडता येईल असा मजकूर ठेवलेला असतो : खेळाडूंच्या आधीच तयार केलेल्या चित्रफिती, मागच्या लढतींचे रिप्ले, समालोचकांची चर्चा, विजेत्याची मुलाखत. एखादी राखीव लढतही ठेवतात, जी वेळ उरला तर मध्ये घेता येते. छोट्या आयोजकाने प्रत्येक खेळाडूची दोन मिनिटांची चित्रफीत आधीच करून ठेवावी. आई-वडील, शेत, तालीम, वस्ताद असे त्यात काहीही चालते, आणि बहुतेक प्रेक्षकांना लढतीनंतर तेच आठवते.

प्रक्षेपणातून पैसा कोणाला आणि कसा मिळतो?

यूएफसीची सुरुवातच प्रत्येक कार्यक्रमासाठी वेगळे पैसे आकारण्याच्या पद्धतीवर झाली. २००१ मध्ये २० लाख डॉलरला विकली गेलेली ही कंपनी २०१६ मध्ये सुमारे ४ अब्ज डॉलरला विकली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये पॅरामाउंट या अमेरिकी मनोरंजन कंपनीशी सात वर्षांचा ७.७ अब्ज डॉलरचा करार जाहीर झाला आणि २०२६ पासून अमेरिकेत वेगळे पैसे आकारण्याची ती पद्धत बंद करण्याचे ठरले. म्हणजे आता एका कार्यक्रमाच्या विक्रीपेक्षा वर्षभराच्या वर्गणीला महत्त्व आले आहे.

भारतात यूएफसीच्या लढती गेल्या काही वर्षांत सोनीच्या क्रीडावाहिन्यांवर आणि सोनी लिव्हवर दिसत आल्या आहेत. देशी संस्थांमध्ये २०१२ मध्ये राज कुंद्रा आणि संजय दत्त यांनी सुरू केलेली सुपर फाइट लीग आणि २०१९ मध्ये श्रॉफ कुटुंबाने सुरू केलेली मॅट्रिक्स फाइट नाइट ही नावे प्रमुख आहेत. जिल्हा पातळीवरच्या आयोजकाने मात्र प्रक्षेपण हक्कांतून उत्पन्न मिळेल असे अंदाजपत्रकात धरू नये. तेथे पैसा येतो तो तिकिटांतून आणि प्रायोजकांकडून. प्रक्षेपण ही पुढच्या वर्षीच्या प्रायोजकाला दाखवायची फाइल असते.

मोठ्या लढती आपल्याकडे रविवारी सकाळी का असतात?

लास वेगासमध्ये शनिवारी संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा आपल्याकडे रविवारी सकाळचे साडेसात झालेले असतात; तेथील हिवाळ्यात घड्याळे बदलल्यामुळे साडेआठ. अबू धाबीतला कार्यक्रम असेल तर फरक अवघा दीड तासाचा.

हॉटेलात किंवा तालमीत मोठा पडदा लावून लढत दाखवता येईल का?

घरगुती वर्गणीवर नाही. ती वर्गणी खासगी पाहण्यासाठी असते. सार्वजनिक ठिकाणी दाखवायचे असल्यास हक्कधारकाची स्वतंत्र परवानगी लागते, तिकीट लावले नाही तरीही. खेळाडूंच्या प्रवेशावेळी वाजणाऱ्या गाण्यांनाही हेच लागू आहे. गाण्यांच्या हक्कांचे परवाने देणाऱ्या आयपीआरएस किंवा पीपीएल यांसारख्या संस्थांकडून परवाना घेतला नसेल, तर सभागृहात अडचण येतेच, शिवाय यूट्यूबवरचे थेट प्रक्षेपण मध्येच बंद पडू शकते. हलगीवादक बोलवावेत, प्रवेशही दणक्यात होतो आणि हा प्रश्नही उरत नाही.

मराठवाड्यातून थेट प्रक्षेपण करायचे तर काय सिद्धता हवी?

यूट्यूबवर १०८०पी दर्जाचे चित्र पाठवण्यासाठी साधारण सहा ते दहा एमबीपीएस अपलोड वेग अखंड मिळायला हवा, आणि प्रत्यक्ष जोडणी त्याच्या दुप्पट असावी. मोबाइलच्या सिमवर विसंबू नये, कारण दोन हजार लोक एका सभागृहात जमून चित्रफिती पाठवू लागले की नेटवर्क बसते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फायबर जोडण्या घ्याव्यात आणि सिम तिसरा पर्याय म्हणून ठेवावे. वीज जाणारच, असे धरून जनरेटर ठेवावा. पण जनरेटर सुरू होईपर्यंतच्या क्षणांत मिक्सर, राउटर आणि संगणक बंद पडू नयेत यासाठी यूपीएस लागतो, आणि बहुतेकांचा विसर पडतो तो याचाच. उपग्रहवाहिनीवर थेट दाखवायचे असेल तर माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे कार्यक्रमाची पूर्वनोंदणी वाहिनीला करावी लागते.

सट्ट्याच्या ॲपने प्रायोजकत्व देऊ केले, तर घ्यावे का?

घेऊ नये. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली आहे. सराफ, बियाणे कंपन्या, लातूरचे शिकवणी वर्ग, सहकारी पतसंस्था हे आपल्याकडचे नेहमीचे प्रायोजक पुरेसे आहेत.

अठरा वर्षांखालील मुलाला लढता येईल का?

व्यावसायिक लढत नाही. तो करारच करू शकत नाही. हौशी स्पर्धांचे नियम सौम्य असतात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे २०१२ मध्ये स्थापन झालेल्या आयएमएमएएफच्या, प्रौढ हौशी लढतीत फेरी तीन मिनिटांची असते, नडगीला संरक्षक बांधतात आणि कोपराचे प्रहार चालत नाहीत.

मराठवाड्यातल्या पैलवानाला या खेळात वाव आहे का?

कुस्तीचा पाया आहे, यात शंका नाही. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९चे महाराष्ट्र केसरी झाले, तर बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. कुस्तीतून एमएमएकडे वळलेल्यांत रितू फोगाट आहे. महाराष्ट्राच्या भरत खंडारेने नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघाय येथे यूएफसीत लढत दिली, आणि वुशूतून आलेल्या पूजा तोमरने जून २०२४ मध्ये यूएफसीतील पहिलीच लढत जिंकली. आइची-नागोया येथील २०२६च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत एमएमएचा समावेश झाल्याने सरकारदरबारीही या खेळाकडे पाहण्याची दृष्टी बदलू शकते.

मात्र पैलवानाने ठोसे-लाथांचा आणि जमिनीवरच्या पकडींचा किमान दोन वर्षे सराव करावा आणि आधी हौशी लढती खेळाव्यात. व्यावसायिक नोंदीत गेलेला पराभव कायमचा राहतो, आणि पुढचा मॅचमेकर सर्वांत आधी तीच नोंद उघडतो.